मजकुराचं गेज परिवर्तन

कुर्डुवाडी जंक्शनवर वाढलेल्या माणसाला गेज म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी मोठी लाइन साडेपाच फुटांची. १८९७ साली इथूनच बार्शीकडे निघालेली एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटांची. पुढे ती एका अंगाला लातूरला आणि दुसऱ्या अंगाला पंढरपूरवरून मिरजेला पोचली. दोन्ही लाइनी एकाच स्टेशनात यायच्या, पण एकीची वाघीण दुसरीवर जाणं शक्यच नव्हतं. प्रवासी गाठोडं उचलून पलीकडच्या फलाटावर जायचे. माल मात्र हमालांच्या पाठीवरून जायचा. बार्शीच्या कापसाच्या गाठी, लातूरच्या डाळीची पोती एका वाघिणीतून मोजून उतरवायची, दुसरीत मोजून चढवायची. १९५४ च्या १ जानेवारीला ही कंपनी सरकारकडे आली आणि २००८ साली लातूरपर्यंतचा मार्ग ब्रॉडगेज झाला. तो करताना नवी लाइन धाराशिव शहराजवळून नेली. जुनी शहराला टाळून जायची. म्हणजे गेज बदलताना फक्त रुळांमधलं अंतर बदललं नाही, वाटही बदलली.

मी आता कुर्डुवाडीत बसूनच लोकांच्या संकेतस्थळांचा मजकूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवण्याची कामं करते. एखाद्या मंडळाचं, वाचनगटाचं, माजी विद्यार्थ्यांचं दहा-बारा वर्षांचं लेखन जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेलं असतं. ते सॉफ्टवेअर आता कुणी दुरुस्त करत नाही, सर्व्हरवाला जागा रिकामी करा म्हणतो, आणि कुणीतरी म्हणतं, एक स्क्रिप्ट लिहून टाका ना. ती स्क्रिप्ट लिहिताना मला स्टेशनातली ती मालाची चढ-उतार आठवते. हे काम आज कुठवर आलंय, मराठीचं त्यात काय होतं आणि लिहिलेली स्क्रिप्ट घरात ठेवायची की सगळ्यांसमोर मांडायची, याचा हा आढावा. मांडायची, असं माझं ठाम मत आहे. का, ते पुढे येईल.

आधी हलवायचं काय आहे ते पाहू. मराठी माणसं इंटरनेटवर जमू लागली ती परदेशातल्या विद्यापीठांतून, युजनेटच्या ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ या गटात. तिथलं पुष्कळसं मराठी रोमन लिपीत होतं. अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्ससारख्या पद्धतीत मोठ्या-लहान रोमन अक्षरांवरून ट आणि त, ण आणि न वेगळे ओळखायचे असत. १९९६ साली मायबोली सुरू झाली. २००४ मध्ये मनोगत, २००७ मध्ये उपक्रम आणि मिसळपाव, २०११ मध्ये ऐसी अक्षरे. पाककृतींपासून प्रवासवर्णनांपर्यंत, शुद्धलेखनाच्या वादांपासून ऑनलाइन दिवाळी अंकांपर्यंत या ठिकाणी जे लिहिलं गेलं त्याला छापील मराठीत जोड नाही. सिनसिनाटीतल्या स्वयंपाकघरात पुरणपोळी कशी जमवावी यावर शंभर माणसांनी आपापला अनुभव लिहिलेला दुसरीकडे कुठे सापडणार? यातली बरीच संकेतस्थळं ड्रुपल या मुक्त सॉफ्टवेअरवर उभी राहिली, आणि पुढे येणाऱ्या सगळ्या गोष्टींचं मूळ त्यात आहे. ज्यांचं सॉफ्टवेअर मुक्त, त्यांना आपला डेटाबेस हातात घेता येतो.

ज्यांनी परक्याच्या जागेत संसार मांडला त्यांचं वेगळं झालं. याहूनं जिओसिटीज २६ ऑक्टोबर २००९ ला बंद केलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. तिथल्या सार्वजनिक समुदायांचा मजकूर काही काळ नुसता वाचायला ठेवला होता, २०१७ मध्ये तोही गेला. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये संपलं. याहू ग्रुप्सनं ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केलं की नवीन काही चढवता येणार नाही आणि जुनंही पुसलं जाईल. उतरवून घ्यायला मुदत मिळाली ती जानेवारी २०२० अखेरपर्यंत. आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी त्या थोड्या आठवड्यांत जमेल तेवढे गट वाचवले. त्यांच्या हातात होती ती एकमेकांशी वाटून घेतलेली, रात्रीत दुरुस्त केलेली उघडी स्क्रिप्टच.

आज गटांचा मोठा भाग फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर आहे, आणि तिथून बाहेर पडायची वाट सगळ्यांत अरुंद आहे. फेसबुकवर माणसाला स्वतःचं लेखन उतरवून घेता येतं, पण संपूर्ण गटाचा मजकूर घेऊन जाण्याची सोय गटाच्या ॲडमिनलाही नाही. बाहेरच्या सॉफ्टवेअरनं गटाशी बोलण्याचा अधिकृत मार्ग होता, तो एप्रिल २०२४ मध्ये बंद झाला. व्हॉट्सॲप एका संभाषणाची साधी मजकूर-फाइल काढून देतं, पण मर्यादेत: चित्रांशिवाय सुमारे ४०,००० संदेश, चित्रांसह सुमारे १०,०००. कोणता संदेश कुणाला उत्तर होता हे त्या फाइलीत राहत नाही. तारीख फोनच्या सेटिंगप्रमाणे पडते, म्हणून दोघांच्या फोनमधून काढलेल्या फायली जोडायला घेतल्या की ‘३/४’ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हे आधी ठरवावं लागतं. टेलिग्रामनं जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपची अशी फाइल आपल्याकडे घेण्याची सोय दिली. एका दुकानानं दुसऱ्याच्या गिऱ्हाइकासाठी दार काढल्याचं असं उदाहरण क्वचितच दिसतं.

हलवण्याचे मार्ग तीनच. जुन्या ठिकाणानं दिलेली निर्यात-फाइल घेणं. मूळ डेटाबेसची नक्कल घेणं. आणि दोन्ही नसेल तर पान-पान उघडून त्यातून मजकूर खरवडून काढणं. पहिला सोपा पण अपुरा, दुसरा उत्तम, तिसरा शेवटचा उपाय. तिसऱ्यात पानावर दिसतं तेवढंच हाती लागतं. लेखकानं मुळात काय टाइप केलं होतं, नंतर केव्हा दुरुस्त केलं, हे मिळत नाही. म्हणून मी विचारायला येणाऱ्याला पहिला प्रश्न करते: डेटाबेसची नक्कल कुणाकडे आहे? बहुतेक वेळा उत्तर येतं, ज्यांनी संकेतस्थळ काढलं त्यांच्याकडे असेल. ते आता कुठे असतात ते कुणालाच ठाऊक नसतं.

स्क्रिप्टच्या बाबतीत जग बरंच पुढे गेलंय. २०१३ मध्ये आलेल्या डिस्कोर्स या मुक्त चर्चा-सॉफ्टवेअरच्या मूळ कोडमध्येच एक खण आहे. त्यात पीएचपीबीबी, व्हीबुलेटिन, ड्रुपल अशा कितीतरी जुन्या सॉफ्टवेअरमधून मजकूर आणणाऱ्या रुबी भाषेतल्या स्क्रिप्ट ठेवल्या आहेत. यातल्या पुष्कळशा कुणीतरी आपलं एक संकेतस्थळ हलवण्यासाठी लिहिल्या, काम झाल्यावर तिथे ठेवल्या, आणि पुढच्यानं आपल्या गरजेपुरती दुरुस्ती करून परत दिल्या. त्यातली एक युक्ती मला फार मोलाची वाटते. जुन्या ठिकाणचा प्रत्येक लेख, प्रत्येक प्रतिसाद, प्रत्येक सदस्य यांचा जुना क्रमांक नव्या नोंदीशी बांधून ठेवतात. स्क्रिप्ट अर्ध्यात बंद पडली आणि परत चालवली तर आधी आलेलं ओळखून ती पुढे जाते, दुप्पट भरत नाही. ही मोजून उतरवायची आणि मोजून चढवायचीच रीत झाली. ड्रुपलनं २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून हलवण्याची यंत्रणा मूळ सॉफ्टवेअरमध्येच घेतली, आणि ५ जानेवारी २०२५ ला सातव्या आवृत्तीचा आधार संपल्यावर तिची गरज जगभर पडली. वर्डप्रेस आणि ब्लॉगरकडे आपापल्या निर्यात-फायली आहेत. मॅस्टोडॉनमध्ये घर बदलताना तुमचे अनुयायी सोबत येतात, लिहिलेलं मागेच राहतं.

एवढं असूनही मराठी मजकूर हलवायला घेतला की हाताला चटके बसतात. कारण या स्क्रिप्ट ज्यांनी लिहिल्या त्यांच्यासमोर देवनागरी नव्हती. जी अडचण त्यांना कधी दिसली नाही ती त्यांनी सोडवलेलीही नाही.

पहिली अडचण युनिकोडपूर्वीच्या फॉण्टची. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण यांत अक्षर साठवलं जायचं ते दिसण्याच्या क्रमानं. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, आणि रफार ज्या अक्षरावर बसतो त्याच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. आमच्या गावाचंच नाव घ्या. जुन्या फॉण्टमध्ये ते ‘कु’, मग ‘डु’, मग वरचा रफार, मग ‘वाडी’ असं टाइप झालेलं असतं. नुसती अक्षराला अक्षर अशी अदलाबदल करणारी स्क्रिप्ट लावली की बाहेर पडतं ‘कुडुर्वाडी’. रफार उचलून त्याला दोन घरं मागे, ‘ड’च्या अलीकडे नेऊन ठेवावं लागतं, आणि मध्ये उकार आला तर तोही ओलांडावा लागतो. हे नियम ‘वैज्ञानिक तथा तकनीकी हिन्दी’ या गूगल गटातल्या मंडळींनी एका एचटीएमएल फाइलीत मावतील अशा फॉण्ट-परिवर्तकांत लिहून सगळ्यांना वाटले. फाइल उघडली की आतला तक्ता समोर दिसतो: एका रांगेत जुनी चिन्हं, दुसऱ्या रांगेत नवी. एखादं जोडाक्षर चुकलं तर आपणच ओळ घालायची. मी हे काम शिकले ते त्या तक्त्यांवरूनच. पैसे देऊन घेतलेलं एक बंदिस्त परिवर्तक मी आधी वापरलं होतं. त्यात चूक दिसली तरी आत हात घालता येत नव्हता.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म, आणि ती मराठीत विशेष जाणवणारी. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’. एकात डोंगरांमधल्या खोल जागा, दुसऱ्यात समुद्र. एकात स्वयंपाकी, दुसऱ्यात गुरुजन. यातला अर्धचंद्रासारखा र जुन्या कीबोर्डांवर पुष्कळदा र, हलन्त आणि त्यापाठोपाठ एक अदृश्य जोडचिन्ह असा लिहिला जाई. त्या चिन्हाला रुंदी नाही, ते कागदावर उमटत नाही. पण ते काढलं की अर्धा र उडून वर रफार बसतो. आता हलवण्याच्या स्क्रिप्टमध्ये ‘साफसफाई’ म्हणून एक ओळ हमखास असते: शून्य रुंदीची सगळी चिन्हं पुसा. इंग्रजी मजकुराला त्यानं काही होत नाही.

हे मी एका गिर्यारोहण मंडळाच्या लेखनावर भोगलंय. सह्याद्रीतल्या भटकंतीची वर्णनं होती, बारा वर्षांची. स्क्रिप्ट रात्री चालवली, सकाळी आकडे जुळले, लेखांची संख्या बरोबर, प्रतिसादांची बरोबर. मी कळवून टाकलं की काम झालं. दुपारी त्यांच्यातल्या एका ज्येष्ठ काकांचा फोन आला. ते म्हणाले, “बाई, आमच्या सगळ्या दऱ्यांचा समुद्र झालाय.” मी उघडून पाहिलं तर पानापानावर ‘दर्या’. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून खाली दर्या दिसत होता. साफसफाईची ती ओळ मी दुसऱ्याच्या स्क्रिप्टमधून न वाचता उचलली होती. जुना डेटाबेस पुसलेला नव्हता म्हणून वाचले. त्या दिवसापासून नुसत्या संख्येवर मी विश्वास ठेवत नाही.

तिसरं उदाहरण ‘ॲ’चं. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ सालच्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र ठेवायचे. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. २००५ मधला ‘ॲसिडिटी’वरचा धागा आज शोधला तर सापडत नाही, तो या कारणानं. हलवतानाच सगळे जुने अ-चंद्र नव्या अक्षरात बदलून घेतले तर शोध चालतो. पण लेखकाच्या मजकुराला इतकाही हात लावावा का, यावर माझं आणि माझ्या काही मित्रांचं जमत नाही. माझ्या मते लावावा, आणि मूळ नक्कल बाजूला जपावी.

डेटाबेसमधला गोंधळ वेगळाच. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. हे बाइट चुकून पश्चिम युरोपीय लिपीचे म्हणून वाचले गेले की पानभर एकच आकृती पुन्हा पुन्हा दिसू लागते: डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, त्याच्या शेजारी चार पाय फुटलेलं वर्तुळ. ती आकृती दिसली तर घाबरू नये, मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय. घाबरायचं ते तो तसाच पुन्हा साठवला गेला तर. याउलट मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ तीन बाइटांवर थांबतो. देवनागरी त्यात मावते, पण इमोजीला चार लागतात. चुका गिळणाऱ्या सेटिंगमध्ये प्रतिसादाच्या मध्यात एक हसरा चेहरा आला की त्यापुढचा सगळा मजकूर मुकाट्यानं कापला जातो. आणि पत्त्यांचं म्हणाल तर ‘कुर्डुवाडी’ या शब्दात चिन्हं १०, बाइट ३०, आणि दुवा म्हणून पाठवताना त्याची होतात ९० अक्षरं. ज्या सॉफ्टवेअरनं शीर्षकाच्या पत्त्याला मर्यादा घातली आहे तिथे चार शब्दांचं मराठी शीर्षकसुद्धा तुटतं.

कवितांचं सांगायलाच हवं. जुन्या संकेतस्थळांवर ओळ तोडायला एचटीएमएलची खूण असे. नवीन सॉफ्टवेअर बहुधा मार्कडाउन वापरतं, आणि त्याच्या मूळ नियमानुसार एकदा एंटर मारल्यानं ओळ तुटत नाही. ओवीचे चार चरण एका ओळीत येतात. कवीनं दुसऱ्या चरणाआधी एक रिकामी ओळ आणि चार मोकळ्या जागा सोडल्या असतील तर तो चरण राखाडी चौकटीत, संगणकाच्या कोडसारखा छापला जातो. कथेतल्या संवादाआधी आपण आडवी रेघ देतो, तिचा ठिपका होऊन संवादांची यादी बनते. यातलं काहीही मोजणीत सापडत नाही. कुणीतरी बसून वाचावं लागतं.

वेळेचीही एक खोच आहे. जुन्या डेटाबेसात वेळ भारतीय असेल आणि स्क्रिप्टनं ती ग्रीनिचची धरली, किंवा उलटं झालं, तर साडेपाच तासांचा फरक पडतो. १ मे रोजी मध्यरात्री १२ वाजून १० मिनिटांनी दिलेल्या महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा ३० एप्रिलच्या संध्याकाळी ६:४० ला जाऊन बसतात.

चित्रं बहुतेक गेलेली असतात. ती संकेतस्थळावर नव्हतीच, दुसरीकडे ठेवून दुवा दिलेला असे. पिकासाचे अल्बम २०१६ मध्ये बंद झाले, २०१७ मध्ये फोटोबकेटनं फुकट खात्यांवरची चित्रं बाहेर दाखवणं थांबवलं. पाककृती राहिली, पोळीचा फोटो गेला.

आता माणसं. हलवण्याच्या कामातला सगळ्यांत नाजूक भाग हाच, आणि स्क्रिप्ट लिहिणारे त्यावर सगळ्यांत कमी वेळ घालवतात. पासवर्ड मुळात साठवलेला नसतो, त्याचा चुरा साठवलेला असतो. तो चुरा प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या चक्कीतून काढतं. ड्रुपलच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत ती साधी एमडी-५ होती, सातव्यापासून अधिक भक्कम झाली. म्हणून नव्या घरी बहुतेकांना ईमेलवरून पासवर्ड नव्यानं घ्यावा लागतो. आणि ईमेल कुठलं? २००४ साली नोंदवलेलं. व्हीएसएनएलचं, किंवा सोडून गेलेल्या नोकरीचं. माणूस रोज वाचतोय, पण आपल्या वीस वर्षांच्या लेखनाचा मालक म्हणून आत येऊ शकत नाही. यासाठी आधी सहा महिने सूचना लावून पत्ते ताजे करून घेणं हाच उपाय आहे.

जे गेले त्यांचं काय? प्रत्येक जुन्या समुदायात अशी नावं असतात. त्यांची खाती ‘निष्क्रिय’ म्हणून वगळणारी स्क्रिप्ट मी पाहिली आहे. तीन वर्षांत कुणी आत आलं नसेल तर सदस्य आणू नका, असं एका ओळीत लिहिलेलं होतं, आणि त्या एका ओळीनं गेलेल्यांचं सगळं लेखन ‘अनामिक’ या नावावर टाकलं. ही ओळ कुणीही, कुठल्याही कारणानं लिहू नये.

परवानगीचा प्रश्नही टाळता येत नाही. विकिपीडियावर लिहिणारा लिहितानाच क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना मान्य करतो. म्हणून १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा सगळा मजकूर आज कुणीही उतरवून घेऊ शकतो, दुसरीकडे मांडू शकतो. चर्चा-संकेतस्थळांवर लेखाचा हक्क बहुधा लेखकाकडेच राहतो, आणि भारतीय कायद्यानं तो त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. त्याच चालकांनी त्याच नावानं घर बदललं तर अडचण नाही. दुसऱ्याच कुणी सगळा मजकूर खरवडून नवं दुकान थाटलं तर ती चोरी आहे, स्क्रिप्ट कितीही मुक्त असो. युरोपात २५ मे २०१८ पासून माणसाला आपली माहिती एका सेवेतून दुसऱ्या सेवेत नेण्याचा हक्क मिळाला. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात तसा हक्क होता, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो उरला नाही. माहिती पाहण्याचा, सुधारण्याचा, पुसून मागण्याचा हक्क आहे, घेऊन जाण्याचा नाही. हे चूक झालं असं मला वाटतं, आणि मराठी संस्थांनी ते बोलून दाखवायला हवं.

राहिला मुख्य प्रश्न, स्क्रिप्ट उघडी का करायची. लोक दोन कारणांनी करत नाहीत. एक, ती घाईत लिहिलेली, ओबडधोबड असते आणि चारचौघांत दाखवायची लाज वाटते. दुसरं, एकदाचं काम झालं, आता कुणाला हवी? पण घर बदलणं एका समुदायाच्या आयुष्यात दहा-पंधरा वर्षांतून एकदा येतं. ज्यानं मागच्या वेळी केलं तो तोवर निघून गेलेला असतो. तो काय शिकला ते त्यानं लिहून ठेवलं नसेल तर पुढचा पुन्हा ‘कुडुर्वाडी’पासून सुरुवात करतो. इंग्रजी समुदायांची संख्या एवढी मोठी की कुणाची ना कुणाची स्क्रिप्ट सापडतेच. मराठीत आपण मोजके, आपल्या चुकाही आपल्याच. अर्ध्या र ची चूक कॅलिफोर्नियातल्या कुणी येऊन दुरुस्त करावी ही अपेक्षा धरता येत नाही.

उघडं ठेवल्यानं काय होतं याचा दाखला मराठीतच आहे. ‘गमभन’ ही देवनागरी टाइप करण्याची छोटीशी सोय एकीकडे बनली आणि अनेक मराठी संकेतस्थळांनी ती आपल्या पानांत बसवली. मिसळपाववर लिहिणाऱ्यांच्या बोटांना तिचीच सवय लागली. प्रत्येक संकेतस्थळानं आपापली सोय बांधायला घेतली असती तर निम्मे लोक रोमनमध्येच लिहीत राहिले असते.

उघडी करायची म्हणजे नुसती फाइल गिटहबवर टाकून मोकळं व्हायचं असं नाही. परवाना लिहायचा, एमआयटी किंवा जीपीएल, नाहीतर कायद्यानं ती कुणालाच वापरता येत नाही. डेटाबेसचा पासवर्ड स्क्रिप्टच्या पोटात राहिला नाही ना, हे दोनदा पाहायचं. आणि तो जुन्या आवृत्तीतही नको, कारण गिट सगळा इतिहास लक्षात ठेवतं. चाचणीसाठी खऱ्या सदस्यांचे ईमेल आणि खाजगी निरोप कधीही जोडायचे नाहीत. आणि सोबत मराठीत एक पान लिहायचं: काय चाललं, काय चाललं नाही, काय हातानं करावं लागलं. हे शेवटचं पान मला कोडहून महत्त्वाचं वाटतं. सॉफ्टवेअर बदलतं, रुबीच्या जागी पायथन येतं. ‘शून्य रुंदीची चिन्हं पुसू नका’ हे वाक्य मात्र जोवर मराठी आहे तोवर कामाचं.

माझ्या परीनं मी कसोटीचं एक पान ठेवलंय. त्यात दऱ्या आणि दर्या दोन्ही आहेत, नवा ॲ आणि जुना अ-चंद्र आहे, ‘कुर्डुवाडी’ आणि ‘कार्तिकी’ आहेत, मधल्या चरणाला मोकळी जागा सोडलेली माझीच एक चार ओळींची कविता आहे, रेघेनं सुरू होणारा संवाद आहे, वाक्याच्या मध्यात इमोजी आहे, आणि मध्यरात्री १२ वाजून १० मिनिटांची एक नोंद आहे. कुठलीही स्क्रिप्ट खऱ्या मजकुराला लावण्याआधी या पानाला लावते. ते पान जसं गेलं तसंच बाहेर आलं तरच पुढे जाते. आजवर पहिल्या फेरीत एकही स्क्रिप्ट यातून पार पडलेली नाही, माझी स्वतःची धरून.

संस्थांकडून अपेक्षा आहे ती एवढीच. राज्य मराठी विकास संस्था १९९२ पासून काम करते आहे, छापील जुनं साहित्य संगणकावर आणण्याचे प्रकल्प राज्यात होतात. इंटरनेटवरच जन्मलेल्या मराठीला मात्र असा आश्रय नाही. बंद पडणाऱ्या संकेतस्थळाच्या चालकाला, लेखकांच्या संमतीनं, डेटाबेसची एक नक्कल ठेवायला विश्वासाची जागा हवी. त्याला खर्च फारसा नाही. हजारो लेखांचा नुसता मजकूर एका साध्या पेनड्राइव्हवर मावतो.

कुर्डुवाडीचं रेल्वे वर्कशॉप बार्शी लाइट गेल्यावरही राहिलं. छोट्या गेजचं काम जाणणारे हात इथे होते म्हणून माथेरानच्या गाडीची कामं आजही इथे येतात. तुमच्यापैकी कुणी कधी एखाद्या मराठी गटाचा मजकूर इकडून तिकडे नेला असेल आणि ती स्क्रिप्ट जुन्या लॅपटॉपवर पडून असेल, तर ती जशी आहे तशी काढा, त्यातला पासवर्ड पुसा, वर परवान्याची एक ओळ आणि खाली चार ओळी मराठीत लिहा, आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा. आणि तुमच्या हातात एखाद्या चालू संकेतस्थळाच्या किल्ल्या असतील, तर त्याच्या डेटाबेसची नक्कल आजच काढून आणखी दोघांकडे द्या.